बाटलीमागे एक गोळी

१

माझा नातू सुयोग याचं लग्न झालं ते वर्ष दोन हजार चोवीस. मे महिना, घाटकोपरचा हॉल, चौथा मजला, आणि लिफ्ट बंद. पाहुणे जिन्यात टेकत टेकत वर येत होते. मी शहात्तर वर्षांचा, नारळांची पिशवी हातात घेऊन न थांबता वर गेलो. वर कोणीतरी विचारलं, "काका, खाता तरी काय?"

मी म्हणालो, "माझी नात म्हातारपण थांबवायच्या ऑफिसात कामाला आहे. खिशातून गोळ्या आणून देते."

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याचं काय झालं ते ऑक्टोबरात कळलं.

बुधवारची दुपार होती. सुयोगची धाकटी बहीण श्रुतिका वेळेआधी घरी आली आणि चपला न काढताच खाटेवर बसली.

"आजोबा, माझ्यावर चोरीचा आळ आलाय."

"कसली चोरी?"

"गोळ्यांची. तुमच्यासाठी चोरल्या म्हणतायत."

श्रुतिका मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधल्या एका संशोधन संस्थेत आहे. तिथे एका गोळीची परीक्षा चालली होती. मला तिने पहिल्याच दिवशी समजावलं होतं, "मरण पुढे ढकलायचं नाही, आजोबा. माणूस जगेल तेवढा धडधाकट जगावा, एवढंच." त्यासाठी मुलुंड, बोरिवली आणि खारदांड्याचा कोळीवाडा अशा तीन ठिकाणी साठ ते ऐंशी वयाची तीस तीस माणसं घेतली होती. कोणाची पकड किती घट्ट, खुर्चीवरून हात न टेकता कोण किती वेळा उठतं, चालण्याचा वेग किती, हे सगळं मोजायचे. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना तशीच दिसणारी रिकामी. कोणाला कुठली, ते श्रुतिकालाही माहीत नव्हतं आणि डॉक्टरांनाही नाही. यादी बंद पाकिटात, बाहेरच्या समितीकडे.

"दर तीस दिवसांनी मी नवी बाटली देते, जुनी परत घेते," ती सांगायला लागली. "बाटलीत पस्तीस गोळ्या. तीस दिवसांच्या तीस, पाच जास्तीच्या. उरलेल्या मी मोजून लिहिते. मुलुंडला कोणाच्या सात उरतात, कोणाच्या अकरा, कारण माणसं विसरतात. बोरिवलीला तेच. दांड्याला सगळ्यांच्या चार."

"सगळ्यांच्या?"

"तिसांच्या तीस बाटल्यांत चार. सहा महिने. एकही दिवस चुकवला नाही तरी पाच उरायला पाहिजेत. म्हणजे बाटलीमागे एक गोळी कमी. महिन्याला तीस गोळ्या. एका माणसाला बरोबर महिनाभर पुरतील एवढ्या."

"तुला कळलं नाही?"

"मी फक्त लिहीत गेले, आजोबा. बेरीज नाही केली. आणि काल रक्ताचे रिपोर्ट आले. दांड्यात पंधरा जणांच्या रक्तात औषध सापडायला हवं ना? तिसांच्या तिसांत सापडलं. डॉक्टर म्हणतात, बाटल्यांना कोणीतरी हात लावलाय. शनिवारी समिती बसणार. माझं नाव चोर म्हणून लिहिलं गेलं की मला या लाइनीत परत कोण उभं करेल?"

"पण माझं नाव कुठून आलं यात?"

ती माझ्याकडे बघेना. "सुयोगदादाच्या लग्नात तुम्ही जे बोललात, ते आमच्या स्टोअरमधल्या निमेशने ऐकलं होतं."

२

मरोळ मला नवीन नाही. गिरणी बंद पडली तेव्हा मी पन्नाशीला टेकलो होतो. मग त्याच इस्टेटमध्ये अठरा वर्षं वॉचमन होतो. रजिस्टरात नावं लिहावी लागत म्हणून तिथेच अक्षरं शिकलो. फाटकावर बसलं की एक गोष्ट आपोआप कळते. चोर काय नेतो त्यापेक्षा काय ठेवून जातो ते बघावं.

गुरुवारी सकाळी मी श्रुतिकाबरोबर गेलो. निमेश स्टोअरमध्ये होता. बाटल्या भरून सील करायचं काम त्याचं. मला बघून त्याचा चेहरा पडला.

"काका, आईशप्पथ, मी मस्करीत बोललो होतो. कँटीनमध्ये. काकांना बघा, नातीच्या गोळ्या लागू पडल्यात, असं. डॉक्टरसाहेबांनी ते आता धरलं."

"मस्करी माझीच होती रे. तू फक्त पुढे नेलीस. मला सांग, बाटलीत पस्तीसच असतात कशावरून?"

"मशीन मोजतं. मग वर पातळ पत्र्याचं सील. ते फाडल्याशिवाय गोळी निघत नाही. आणि सील म्हातारी माणसं स्वतः फाडतात, श्रुतिकाच्या समोर."

"म्हणजे गोळी कमी होते ती सील फाडल्यानंतर."

"हां. आणि परत आल्यावर पहिला हात श्रुतिकाचा. मी दुसऱ्यांदा मोजतो, तेव्हा चारच असतात." तो आवाज खाली करून म्हणाला, "वाट लागली ना, काका, तिची."

डॉक्टर अनिरुद्ध वरच्या मजल्यावर बसत. चाळिशीचा माणूस, बोलणं मऊ. मला खुर्ची दिली, पाणी मागवलं.

मी बाही वर केली. "डॉक्टर, माझं रक्त घ्या. गोळी खाल्ली असेल तर सापडेल."

"घेतो. पण काका, औषध नाही सापडलं तर एवढंच ठरेल की तुम्ही खाल्ली नाहीत. गोळ्या कुठे गेल्या ते उरतंच."

"चोराने स्वतःच्या हाताने चार लिहिलं असतं?"

"निमेश पुन्हा मोजतो हे तिला माहीत होतं. चारच लिहावं लागलं असतं."

बोलणं बिनचूक होतं, आणि त्याचीच मला भीती वाटली. मी उठताना ते म्हणाले, "तिसांच्या रक्तात औषध कसं, हे मला कोणी सांगितलं तर मी ऐकायला तयार आहे. शनिवारी अकरापर्यंत."

३

खालच्या मजल्यावर संघमित्रा मॅडम बसतात. सगळे आकडे त्यांच्याकडे येतात. कमी बोलणारी बाई. मी विचारलं, "मॅडम, दांड्याच्या माणसांच्या रक्तात औषध सापडलं. पण किती सापडलं?"

त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं. "हे मला कोणी विचारलंच नाही. सगळे विचारतात, आहे की नाही. मुलुंडला ज्यांच्यात आहे त्यांच्यात पुरेपूर आहे. दांड्यात तिसांच्यातही अर्धं. कोणाचं थोडं वर, कोणाचं थोडं खाली, पण अर्ध्याच्या आसपास. मला वाटलं लॅबची चूक. परत तपासायला दिलं. परत अर्धंच आलं."

"अर्ध्यांना पूर्ण असायच्या जागी सगळ्यांना अर्धं."

"हो. जणू..." त्या थांबल्या. "नाही. पुढचं मला सांगता येणार नाही. माझ्याकडे फक्त आकडे आहेत."

मी श्रुतिकाला म्हटलं, मला त्या परत आलेल्या बाटल्या दाखव. तिने दांड्याच्या बाटल्या टेबलावर मांडल्या. प्रत्येकीवर नाव, आत चार गोळ्या. मी एकेक उचलून उजेडात धरली. चौदाव्या बाटलीत गोळ्यांच्या खाली काहीतरी चमकलं. नखाएवढं, पातळ, चांदीसारखं.

"हा खवला आहे. माशाचा."

"दांड्याच्या बाटलीत माशाचा खवला, त्यात काय, आजोबा?"

"नाव वाच."

तिने वाचलं. "बळवंत तात्या." मग बाटली पुन्हा फिरवून बघितली. "तात्या तर माळकरी आहेत. वीस वर्षं मासा खाल्ला नाही. त्यांच्या ओट्यावर कोणी मासळीची पाटी टेकवली तरी उठवतात. मलाच एकदा ओरडले होते, सुकटीची पिशवी हातात होती म्हणून."

"मग ही बाटली उघडी असताना त्याच्या घरी नव्हती," मी म्हणालो.

४

शुक्रवारी मी एकटाच दांड्याला गेलो. श्रुतिकाला येऊ दिलं नाही. तिच्यासमोर तिथली माणसं मोकळी बोलली नसती.

आधी बळवंतच्या ओट्यावर गेलो. अठ्ठ्याहत्तरीचा माणूस, खांदे अजून वल्हं मारणाऱ्याचे. मी श्रुतिकाचा आजोबा म्हटल्यावर चहा आला.

"गोळी नेमाने घेता?"

"घेतो तर. आमची तीसही माणसं सकाळी इथंच जमतात. चहा होतो, कमळ हाक मारते, सगळे एकदम गोळी घेतात. ताप आला तरी ती घरी जाऊन घोटभर पाण्याबरोबर देते. विसरायची सोय नाही."

म्हणजे सहा महिन्यांत कोणाचा एक दिवसही का चुकला नाही, ते कळलं. मी विचारलं, "तात्या, तुमची बाटली बाजारात कधी गेली होती?"

त्याने कप खाली ठेवला. "ते कमळला विचारा," म्हणाला, आणि आत निघून गेला.

कमळ बाजारात शेवटच्या ओळीला बसली होती. सत्तरीची बाई, बांगड्या कोपरापर्यंत. पुढ्यात मांदेली होती आणि ती तिचे वाटे करत होती. मुठीने मासळी घ्यायची, फळीवर ढीग घालायचा, पुन्हा पुढचा. नजर फिरवून एखादा ढीग बारका वाटला की त्यावर दोन मासे टाकायची. मोजत काही नव्हती, पण सगळे वाटे सारखे होते.

"काय बघतोस रे दादा? घ्यायचं असेल तर घे, नायतर उजेड सोड."

"घेतो एक. तुमच्यात बोटीवरची मासळी वाटताना पाठ फिरवून नाव घ्यायची पद्धत आहे का गो? आमच्या गावात नदीची मासळी तशीच वाटायचे. एक जण वाट्यावर बोट ठेवणार, दुसरा पाठमोरा राहून विचारल्यावर नाव सांगणार."

"आहे की. म्हणजे मोठा वाटा माझा असं कोणी म्हणायला नको."

"गोळ्यांचे वाटे पण असेच केलेत?"

तिची मूठ हवेत राहिली. मग ती फटकन म्हणाली, "कसल्या गोळ्या? कोण तू?"

"श्रुतिकाचा आजोबा. बाटलीमागे एक गोळी कमी भरते. उद्या अकरा वाजता माझी नात चोर ठरणार आहे."

"ती पोरगी? चोर?" कमळने मासळी खाली टाकली. "कोण म्हणतो? त्याला हिकडं आण! अरे, ती माझ्या सुनेच्या बाळंतपणाला अर्ध्या रात्री दवाखान्यात बसली होती."

"मग खरं सांग."

तिने पदराला हात पुसले. "तुझ्या नातीनंच पहिल्या दिवशी वाचून दाखवलं. अर्ध्यांना खरी गोळी, अर्ध्यांना फुकाची. कोणाला कुठली ते कोणाला ठाऊक नाही. आम्ही घरी येऊन बसलो. म्हटलं, हे बरं आहे का? तात्याला खरी आणि मला फुकाची? की मला खरी आणि त्याला फुकाची? एका बोटीवर गेलेली माणसं आम्ही. मग पाटी धुतली, फडकं घातलं, तिसांच्या बाटल्या ओतल्या, कालवल्या आणि वाटे केले. दर महिन्याला. म्हणजे सगळ्यांच्या वाट्याला थोडी खरी, थोडी फुकाची. चुकलं काय त्यात?"

"दुसऱ्या कोणाला देऊ नका, असं सांगितलं होतं ना?"

"दुसऱ्या कोणाला कुठं दिल्या? आम्ही आमच्यातच वाटल्या." एवढं बोलून ती घुटमळली.

"तीस बाटल्या, पस्तीस पस्तीस गोळ्या," मी म्हणालो. "तिसांत वाटल्या तर पस्तीसच यायला हव्यात. चौतीस आल्या. तू एकतिसावा वाटा काढलास, कमळ. कोणाचा?"

"जो दर्यावर जाऊ शकत नाही त्याचा वाटा काढतातच," ती हळू म्हणाली. "सुगंधा मावशीचा. शहाऐंशी वर्षांची आहे. तुमच्या माणसांनी वयामुळं तिला घेतलं नाही. म्हातारपण जिला सगळ्यात जास्त, तिलाच नाही म्हणाले. म्हटलं, आम्ही देऊ."

माझ्या अंगावरचं ओझं उतरलं. मी तिथेच उभ्याने श्रुतिकाला फोन लावला आणि सगळं सांगितलं.

"अगो, ऐकतेस ना? सुटलीस तू."

"आजोबा," ती म्हणाली, "सुगंधा आजींना नुसतं वयामुळे नाही सोडलं. त्यांना हृदयाच्या गोळ्या चालू आहेत. आपली गोळी त्या गोळ्यांबरोबर अजिबात चालत नाही. आजोबा, आत्ताच्या आत्ता जा!"

५

सुगंधाबाईंचं घर खाडीच्या बाजूला, शेवटचं. कमळ पुढे धावत होती, सत्तरीची बाई आणि मी शहात्तरीचा, आणि आम्हाला बघून पोरं बाजूला होत होती. दाराला आतून कडी. कमळने दार बडवलं. "मावशे! ए मावशे!"

आतून काही नाही.

कमळ माझ्याकडे वळली. तिचा चेहरा मला बघवला नाही. "माझ्या हातानं दिल्या रे मी," एवढंच म्हणाली.

मी खिडकीतून आत बघितलं. खाट रिकामी, चादर घडी केलेली. मागच्या बाजूने काहीतरी आपटल्याचा आवाज आला. आम्ही घराला वळसा घातला. मागे उन्हात एक वाळकी म्हातारी काठीने बोंबील वाळत घातलेल्या वलांडीवरून कावळे हाकत होती.

"काय गो, दार मोडतेस का माझं?" ती म्हणाली. "कान गेलेत माझे, दार नाही गेलं."

कमळ मटकन खाली बसली आणि रडायला लागली. मी मोठ्याने विचारलं, "सुगंधाबाई, कमळ देते त्या गोळ्या घेता तुम्ही?"

तिने आधी कमळकडे बघितलं, मग मला जवळ बोलावलं आणि कमळला ऐकू जाईल एवढ्याच हळू आवाजात सांगितलं, "घेत नाही. हिला सांगू नको."

आतून तिने लोणच्याची चिनीमातीची बरणी आणली. वर फडकं बांधलेलं. आत पांढऱ्या गोळ्या, काठोकाठ.

"छातीच्या गोळ्या घेते तेवढ्याच पुरे झाल्या," ती म्हणाली. "आणखी गिळायच्या कशाला? पण पोरी वाटा घेऊन येतात. वाटा कोणी परत करतं का? त्यांना वाटलं असतं, म्हातारी रागावली. ठेवत गेले."

"मावशे, फेकून तरी द्यायच्या!"

"वाट्याची वस्तू फेकू?" सुगंधाबाईंनी तिलाच झापलं.

श्रुतिका आणि डॉक्टर अनिरुद्ध अर्ध्या तासात रिक्षाने आले. डॉक्टरांनी आधी सुगंधाबाईंची नाडी बघितली, रक्त घेतलं, मग जमिनीवर बसले. श्रुतिकाने पेपर पसरला. बरणी ओतली. दहा दहाच्या ढिगांनी दोघांनी मोजल्या. कमळ, मी आणि बळवंत तात्या बघत उभे. तात्या बोंबलांकडे पाठ करून उभा होता, पण आला होता.

"एकशे ऐंशी," श्रुतिका म्हणाली.

महिन्याला तीस, सहा महिने. डॉक्टरांनी पुन्हा मोजल्या. एकशे ऐंशीच.

ते वाकून ढीग परत बरणीत भरू लागले. मग हसायला लागले, आणि थांबेनात. "मी तिसांना सांगितलं की तुमच्यातल्या पंधरांना काहीच मिळणार नाही," ते म्हणाले, "आणि दांड्यातली माणसं ते मान्य करतील असं धरलं." मग श्रुतिकाकडे वळून म्हणाले, "मी चुकलो. उद्या समितीसमोर हे मीच बोलेन. तुझ्यासमोर."

कमळ म्हणाली, "नुसतं बोलू नको. तिची माफी माग."

त्यांनी मागितली.

६

समितीने श्रुतिकाचं नाव कुठेही लिहिलं नाही. दांड्याचे सहा महिने मात्र मोजणीतून गेले. सुगंधाबाईंच्या रक्तात त्या गोळीचा मागमूस नव्हता आणि माझ्याही नाही. निमेशने कँटीनमध्ये सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "काकांना काही लागत नाही, नुसता स्वभाव आहे." मी आता लग्नाकार्यात जपून बोलतो.

डिसेंबरात दांड्याची परीक्षा नव्याने सुरू झाली. या वेळी संघमित्रा मॅडमनी तोडगा काढला. आख्ख्या दांड्याला एकाच प्रकारची गोळी, आणि दुसऱ्या प्रकारची दुसऱ्या एका कोळीवाड्याला. कुठली कुठे, ते पाकिटात. मग वाटे करा नाहीतर आणखी काही करा. कमळला हे पटलं. तिने एवढंच विचारलं, "आणि मावशीचा वाटा?" श्रुतिकाने मावशीला दर महिन्याला हृदयाच्या डॉक्टरांकडे न्यायचं कबूल केलं. तो वाटा सगळ्यांना चालला.

नवी बाटली द्यायला श्रुतिका जायची तेव्हा मीही अधूनमधून बरोबर जात असे. परत आलेल्या बाटल्यांत पाच गोळ्या असत. सुगंधाबाई रिकामी बरणी धुऊन उन्हात ठेवत आणि मला म्हणत, "बघ, आता लोणचं घालता येईल."

कैऱ्यांचे दिवस त्यांना मिळाले नाहीत. सुगंधाबाई रविवारी, दोन फेब्रुवारी दोन हजार पंचवीस रोजी, सकाळी सहाच्या सुमाराला झोपेतच गेल्या. वय सत्त्याऐंशी. आदल्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतः कावळे हाकले होते.